रोज बोटात राहणारी अंगठी

लग्नाच्या दागिन्यांत साखरपुड्याची अंगठी वजनाने हलकी असते आणि वापरात खूप जास्त राहते. तन्मणी, चिंचपेटी, तोडे समारंभ आटोपला की बँकेच्या लॉकरमध्ये जातात आणि घरातल्या पुढच्या लग्नालाच बाहेर येतात. अंगठी मात्र कणीक मळताना, लोकलची कडी धरताना, दुचाकी चालवताना, बाळाला आंघोळ घालताना बोटातच असते. तरीही हॉल, केटरर, शालू आणि मेकअपवाली ठरेपर्यंत तिची आठवण कुणाला होत नाही. शेवटच्या आठवड्यात दोन्ही घरची सहा-सात माणसं सराफाच्या पेढीवर जमतात आणि अर्ध्या तासात खरेदी उरकतात. त्या अर्ध्या तासाआधी दोन-तीन संध्याकाळी दिल्या, तर पुढची वीस-तीस वर्षं बोटात राहणारी वस्तू नीट निवडता येते.

सुरुवात घरातल्या बोलण्यापासून करावी. आपल्याकडे मुलीची अंगठी मुलाकडचे आणि मुलाची अंगठी मुलीकडचे करतात. त्यामुळे किंमत कुणी विचारत नाही, पण मनात सगळेच मोजतात. यावर मला एकच उपाय पटतो. दोन्ही अंगठ्यांसाठी साधारण सारखी रक्कम आधीच मोकळेपणाने ठरवावी, आणि निवड मात्र ज्याच्या बोटात ती राहणार त्यानेच करावी. साखरपुड्याच्या धार्मिक विधीत मुख्य भाग गणेशपूजन, वरुणपूजन आणि वाङ्निश्चयाचा. अंगठी घालणं त्यात नंतर मिसळलं. म्हणून कोणता धातू, कोणता खडा, केवढी अंगठी याचं कुठलंही शास्त्र तुमच्यावर बंधनकारक नाही. अंगठी दोन महिन्यांच्या पगाराएवढी हवी, असं इंटरनेटवर वाचलं असेल, तर तो हिशेब डी बिअर्स या हिरे कंपनीच्या विसाव्या शतकातल्या जाहिरातींतून आला आहे. हॉलच्या आगाऊ रकमेसाठी कर्ज काढावं लागत असताना अंगठीसाठी आणखी ओढाताण करू नये.

या बोलण्यातच एक नाजूक प्रश्नही निकालात काढा. हिरा सगळ्यांना लाभत नाही, नीलम तर पत्रिका दाखवल्याशिवाय घालायचा नाही, असं मानणारी घरं आजही पुष्कळ आहेत. तुमचा विश्वास असो वा नसो, सासरच्या किंवा माहेरच्या आजींना ते खटकणार असेल, तर ते पेढीवर सगळ्यांसमोर कळण्यापेक्षा आधी घरात कळलेलं बरं.

आता माप. सर्वाधिक अंगठ्या चुकतात त्या इथेच. बोट दिवसभर सारखं नसतं. सकाळी आणि थंडीत ते बारीक असतं, संध्याकाळी, उन्हाळ्यात आणि खारट जेवणानंतर फुगतं. म्हणून माप संध्याकाळी द्यावं आणि शक्य असेल तर दोन वेगवेगळ्या दिवशी द्यावं. पेढीवर मापाच्या कड्यांचा जुडगा असतो. त्यातली कडी पेरावरून थोडी अडत जावी आणि आत गेल्यावर हात झटकला तरी निसटू नये. नुसती सहज सरकणारी कडी पावसाळ्यात ओल्या, साबणाच्या हातातून निघून जाते. पट्टी रुंद असेल, म्हणजे सहा-सात मिलिमीटरची असेल, तर ती त्याच मापात घट्ट वाटते. अर्धा ते एक नंबर मोठा घ्यावा. डाव्या आणि उजव्या हाताच्या अनामिकेचं माप बहुधा वेगळं असतं. तेव्हा कोणत्या हातात घालायची हेही आधी ठरवा.

होणारी बायको किंवा नवरा परगावी असेल तर दोऱ्याने माप मागवू नका, कारण दोरा ताणला जातो. कागदाची बारीक पट्टी बोटाभोवती गुंडाळून, जिथे टोक जुळतं तिथे खूण करून लांबी मिलिमीटरमध्ये मोजायला सांगा. आपल्याकडच्या मापाचा नंबर साधारणपणे या लांबीतून ४० वजा केल्यावर येतो. परीघ ५२ मिलिमीटर असेल तर माप १२ च्या आसपास. अमेरिकेतल्या मुलाने किंवा मुलीने तिथलं माप ६ सांगितलं तर ते आपलं १२, आणि ७ सांगितलं तर आपलं १४ धरावं. हे गणित अंदाजासाठी आहे. ऑर्डर देताना तरी त्या व्यक्तीची एखादी नीट बसणारी अंगठी पेढीवर नेता आली तर सर्वांत उत्तम.

धातूकडे येऊ. आपल्या मनात दागिना म्हणजे २२ कॅरेट. साध्या वळ्यासाठी, ज्यात खडा नाही, २२ कॅरेट छानच. हिऱ्याच्या अंगठीसाठी मात्र ते मऊ पडतं. हिऱ्याला वरून धरणारे धातूचे बारीक काटे, ज्यांना कारागीर प्रॉन्ग म्हणतात, ते मऊ सोन्यात वाकतात आणि एक दिवस खडा हरवतो. म्हणून हिऱ्यासाठी १८ कॅरेट, म्हणजे ७५ टक्के सोनं. १८ कॅरेट म्हटल्यावर घरातली मोठी माणसं नाराज होतात. त्यांना सांगावं की इथे सोनं कमी असणं ही खड्याच्या सुरक्षिततेची गरज आहे, आणि पैसेही ७५ टक्क्यांचेच द्यायचे आहेत. १४ कॅरेट आणखी कडक आणि स्वस्त. २०२५ मध्ये २४ कॅरेट सोन्याने १० ग्रॅमला लाखाचा आकडा ओलांडल्यापासून अनेक तरुण जोडपी १४ कॅरेटकडे वळताना दिसतात, आणि रोजच्या वापराच्या दृष्टीने मला त्यात काही वावगं वाटत नाही.

पांढरं सोनं घेणाऱ्यांनी हे समजून घ्यावं की त्याचा चकचकीत पांढरेपणा बराचसा वरच्या ऱ्होडियमच्या मुलाम्याचा असतो. रोज घातल्यावर तो झिजतो, खालचा पिवळट रंग दिसू लागतो आणि मुलामा पुन्हा द्यावा लागतो. त्या वेळी किती घेणार, हे खरेदीच्याच दिवशी विचारून ठेवा. काही पांढऱ्या सोन्यात निकेल असतं. खोट्या कानातल्यांनी ज्यांच्या कानाला खाज सुटते त्यांनी निकेल नसलेला मिश्रधातू मागावा. प्लॅटिनम मुळातच पांढरं आणि टिकाऊ. त्यावर पीटी ९५० अशी खूण असते, म्हणजे ९५ टक्के शुद्ध. पण ते १७६८ अंश सेल्सिअसला वितळतं, सोनं १०६४ ला. त्यामुळे गल्लीतला सोनार माप वाढवून देऊ शकत नाही, आणि परत विकताना सोन्याएवढं सहज गिऱ्हाईकही मिळत नाही.

घडण निवडताना हाताचं काम डोळ्यांसमोर आणा. मी कुणासोबतही पेढीवर गेले की त्यांना ट्रेमधली अंगठी घालून पदर सावरायला, पर्समध्ये हात घालायला, केसांतून बोटं फिरवायला सांगते. उंच प्रॉन्गवर बसवलेला एकटा हिरा फोटोत देखणा दिसतो, पण पदराचे धागे ओढतो, बाळाच्या गालाला लागतो आणि टेबलाच्या कडेवर आपटतो. परिचारिका, प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मुली, दिवसभर हातमोजे घालणारे दंतवैद्य यांच्यासाठी खडा खाली बसवलेली, कडा गुळगुळीत असलेली अंगठीच योग्य. आपल्याकडची जुनी कोंदणाची पद्धत, जिच्यात खड्याभोवती धातूची सलग कड असते, ती अशा हातांना सर्वांत जास्त मानवते. कड धक्के स्वतः घेते. सबंध वेढ्यावर हिरे लावलेली पट्टी मात्र विचार करून घ्या, कारण तिचं माप पुढे जवळपास बदलता येत नाही. गरोदरपणात बोटं सुजतात, वयाबरोबर पेरं जाड होतात, आणि मग अशी अंगठी डबीत जाते. मागच्या बाजूला निदान तिसरा हिस्सा साधा धातू असावा.

मुलाची अंगठी बहुतेक घरांत वजन पाहून घेतली जाते. जाड, चौकोनी तोंडाची, वर आद्याक्षर. ज्याने आयुष्यात कधी अंगठी घातली नाही त्याला ती दोन दिवसांत टोचू लागते. आतली बाजू किंचित गोलाई दिलेली, तीन-चार मिलिमीटरची पट्टी पुरुषांच्या हातात टिकते. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. लेथ, प्रेस, शेतातलं मळणीयंत्र यांवर काम करणाऱ्यांनी कामाच्या वेळी अंगठी काढून ठेवलीच पाहिजे. ट्रकच्या फाळक्यावरून उडी मारताना किंवा कुंपण ओलांडताना अंगठी अडकून बोटाची कातडी सोलली जाण्याचे, बोटच तुटण्याचे अपघात होतात.

हिऱ्याबद्दल दुकानात पुष्कळ ऐकवलं जातं, त्यातलं कामाचं थोडं आहे. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, आणि एका कॅरेटचे १०० सेंट. रंग डीपासून झेडपर्यंत उतरत जातो, स्वच्छतेच्या पायऱ्या व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय अशा. पिवळ्या सोन्यात बसवलेल्या २०-२५ सेंटच्या आतल्या हिऱ्यांत ईएफ-व्हीव्हीएस आणि जीएच-व्हीएस यांतला फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. किमतीत मात्र तो ठळक असतो. मी असते तर तो पैसा कटकडे वळवला असता, कारण हिरा चमकतो तो पैलू नेमके पाडल्यामुळे. दुसरं म्हणजे ३० सेंट, ५० सेंट, एक कॅरेट अशा गोल आकड्यांवर कॅरेटमागचा दर उडी मारतो. ५० ऐवजी ४६-४७ सेंटचा हिरा घेतला तर बोटात फरक कळत नाही आणि दर खालच्या टप्प्याचा लागतो. बजेट कमी असेल तर सात छोट्या हिऱ्यांचं फूल एकट्या हिऱ्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं आणि हातात भरीव दिसतं. मात्र असे बारीक हिरे परत देताना अनेक पेढ्या त्यांची किंमत फार थोडी धरतात. परत घेण्याची आणि बदलून देण्याची अट लेखी मागा.

एकटा मोठा हिरा असेल तर जीआयए किंवा आयजीआयसारख्या प्रयोगशाळेचं स्वतंत्र प्रमाणपत्र हवंच. त्याचा क्रमांक बऱ्याचदा हिऱ्याच्या कडेवर लेसरने कोरलेला असतो. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून तो दाखवायला सांगा आणि प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर तोच क्रमांक टाकून पाहा. पेढीचं स्वतःचं छापील कार्ड म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

प्रयोगशाळेत घडवलेल्या हिऱ्यांबद्दल आता प्रत्येक घरात वाद होतो. सूरतमध्ये त्यांचं मोठं उत्पादन होतं. रसायन, कठीणपणा, चमक सगळं खाणीतल्या हिऱ्याचंच असतं; दोन्ही शुद्ध कार्बन. नेहमीच्या टेस्टर पेनाने त्यांतला भेद कळत नाही, त्यासाठी खास यंत्र लागतं. किंमत मात्र खाणीतल्या हिऱ्याच्या तुलनेत फारच कमी आहे आणि गेल्या काही वर्षांत ती घसरतच आली आहे. मोठा, सुंदर खडा आयुष्यभर घालायची हौस असेल तर जरूर घ्या. पुढे मोडून पैसे येतील या आशेवर घेऊ नका. आणि बिलावर तो प्रयोगशाळेत घडवलेला आहे हे स्पष्ट लिहून घ्या. मोइसनाइट हा वेगळाच पदार्थ, सिलिकॉन कार्बाइड. ज्याला आपण अमेरिकन डायमंड म्हणतो तो क्युबिक झिरकोनिया. दोन्ही घालायला हरकत नाही, हिऱ्याच्या भावात घ्यायला आहे.

रंगीत खडा हवा असेल तर माणिक आणि नीलम रोजच्या अंगठीला चालतात, त्यांचा कठीणपणा हिऱ्याच्या खालोखाल. पाचू नाजूक, त्याला आत भेगा असतात. मोती आणि पोवळं तर रोजच्या धुळीनेच निस्तेज होतात, कारण धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि ते या दोघांपेक्षा कठीण असतात.

आता बिल, कारण पैसे खरे जातात ते इथे. सोयीसाठी २४ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू. १८ कॅरेटची अंगठी, एकूण वजन ४ ग्रॅम, त्यात अर्ध्या कॅरेटचा हिरा. अर्धा कॅरेट म्हणजे ०.१ ग्रॅम, तेव्हा सोन्याचं निव्वळ वजन ३.९ ग्रॅम. १८ कॅरेटचा भाव ७,५०० रुपये, म्हणून सोनं २९,२५० रुपयांचं. घडणावळ ग्रॅमला १,००० रुपये, म्हणजे ३,९००. हिरा ३०,००० चा समजू. बेरीज ६३,१५० आणि त्यावर ३ टक्के जीएसटी धरून ६५,०४४ रुपये ५० पैसे. वर हॉलमार्किंगचे नगामागे ४५ रुपये आणि त्यावरचा कर. आता हीच अंगठी कुणी सबंध ४ ग्रॅमवर २२ कॅरेटचा भाव लावून दिली, तर नुसतं सोनंच ३६,६४० चं होतं. ७,३९० रुपये जास्त गेले, आणि बिलावर हे आकडे सुटे मांडलेले नसतील तर ते कळणारही नाही.

म्हणून निव्वळ वजन, कॅरेट, त्या दिवशीचा भाव, घडणावळ, हिऱ्याचं वजन आणि दर, कर, हॉलमार्किंगचा खर्च, हे सगळं सुटं लिहिलेलं बिल मागा. हॉलमार्क दागिन्याच्या बिलावर निव्वळ वजन, शुद्धता आणि हॉलमार्किंग शुल्क स्वतंत्र लिहिणं सराफावर बंधनकारक आहे. घडणावळ ठरलेली नसते. ती ग्रॅमवर असते, टक्क्यांत असते, कधी वर घटही लावलेली असते. तीन पेढ्यांत विचारून घासाघीस करायला इथेच वाव आहे; सोन्याच्या भावात नाही. सूट मजुरीवर आहे की हिऱ्यावर की एकूण रकमेवर, हेही विचारा. बिल नको, कर वाचवतो, असं कुणी सुचवलं तर तिथून उठावं. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम एका व्यवहारात रोख घ्यायला कायद्याने मनाई आहे, आणि एवढ्या खरेदीला पॅन लागतो.

हॉलमार्कच्या तीन खुणा अंगठीच्या आतल्या बाजूला असतात: भारतीय मानक ब्युरोचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा (२२ कॅरेटला ९१६, १८ ला ७५०, १४ ला ५८५) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडी नसलेला हॉलमार्क दागिना पेढीवर विकता येत नाही. बीआयएस केअर हे अ‍ॅप मोबाइलवर घेऊन पैसे देण्याआधी तो क्रमांक टाका. दागिन्याचा प्रकार, शुद्धता, हॉलमार्किंग केंद्र ही माहिती समोर येते. प्रकारापुढे अंगठीच लिहिलं आहे ना, हे जरूर पाहा. शुद्धता कमी निघाली तर जेवढं सोनं कमी भरलं त्याच्या फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च ग्राहकाला द्यावा, अशी तरतूद ब्युरोच्या २०१८ च्या नियमांत आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

यात एक पळवाट आहे आणि ती नेमकी अंगठीला लागू पडते. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. भाव वाढल्यापासून हलक्या अंगठ्या पुष्कळ आल्या आहेत, त्यांत ही सूट सर्रास लागते. वर्षाला ४० लाखांपर्यंतच उलाढाल असलेल्या छोट्या सराफांनाही सक्ती नाही. याचा अर्थ तो दागिना खोटा असा नाही. पण मग शुद्धता बिलावर लिहून घ्या आणि यंत्रावर तपासून दाखवायला सांगा, किंवा मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्रावर स्वतः तपासून आणा. ग्राहकाला थोड्या शुल्कात ती सोय आहे.

आजीची पाटली मोडून अंगठी करणार असाल तर खडे, मोती, लाख काढून मगच वजन करायला सांगा. सोनं तुमच्यासमोर आटवलं जावं, लगडीची शुद्धता तपासून दाखवावी आणि त्यावरच मोडीचा भाव ठरावा. जुन्या दागिन्यांत जोडकामाचा धातू जास्त असल्याने शुद्धता अपेक्षेहून कमी येते, त्यात दरवेळी फसवणूक नसते. सगळी पाटली मोडण्याआधी घरातल्या सगळ्या भावंडांना विचारा.

मुहूर्ताचं म्हणाल, तर पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, गुरुपुष्य या दिवशी पेढीवर उभं राहायला जागा नसते. निवड, माप आणि बिलाची बोलणी आठवडाभर आधी एखाद्या मंगळवारी दुपारी करावीत. सराफ निवांत असतो, भिंग काढून दाखवतो. मुहूर्ताला फक्त अंगठी घरी आणावी. घडवून घ्यायची असेल तर महिनाभर हातात ठेवा. भाव ऑर्डरच्या दिवशीचा धरणार की ताब्याच्या दिवशीचा, हे पावतीवर लिहून घ्या.

अंगठी हाती आल्यावर पेढीवरच घालून पाहा, एचयूआयडी पुन्हा ताडून पाहा, बिल आणि प्रमाणपत्राचे फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये ठेवा. स्वच्छ करायला कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे. टूथपेस्टने ओरखडे पडतात, ब्लीचने सोन्यातले जोड कमजोर होतात. वर्षातून एकदा प्रॉन्ग तपासून घ्या. कानाशी अंगठी धरून हलवल्यावर बारीक टकटक ऐकू आली तर खडा सैल झाला आहे, तो बसवून होईपर्यंत ती घालू नका. माप सैल झालं म्हणून मागे दोरा गुंडाळून वर्षानुवर्षं चालवण्याची आपल्याकडे सवय आहे. तो दोरा ओला राहतो, त्याखाली बोटाला पुरळ येतो आणि तुटला की अंगठी जाते. साध्या पट्टीचं माप कमी करणं हे पेढीच्या कारागिराचं थोड्या वेळाचं काम असतं.